बटीक नावाचे रूपक

बुलढाणा जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या माणसाला वर्षा-दोन वर्षांतून एकदा तरी विद्यार्थ्यांना घेऊन सिंदखेड राजाला जावेच लागते. जिजाऊंचे जन्मस्थान, लखुजी जाधवरावांच्या राजवाड्याचे ते उंच प्रवेशद्वार, रंगमहाल, काळाकोट, मोती तलाव, सजना बारव आणि लखुजीरावांची समाधी, असा आमच्या सहलीचा ठरलेला क्रम आहे. ठरलेल्या ठिकाणी मी ठरलेले बोलतो आणि मुले वहीत उतरवून घेतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत, राजवाड्याच्या आत उभे असताना, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ''सर, इथं कामं करनारी मानसं कुठी रायत होती?''

मी म्हणालो, ''असतील बाहेर कुठेतरी.'' आणि पुढे चालू लागलो.

उत्तर अगदी चुकीचे होते असे नाही, पण ते निर्लज्ज होते. वाड्याची मालकी कोणाकडे होती, ती कोणत्या शाहीकडून कोणत्या शाहीकडे गेली, कोणाचा विवाह कोणाशी झाला, हे सारे मला सनावळीसकट ठाऊक होते. त्या वाड्यातले दळण कोणी दळले, पाणी कोणी भरले, पागेतली लीद कोणी काढली, ही माणसे पगारी होती, वेठीची होती की विकत घेतलेली, हा प्रश्न माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाही पडला नव्हता. आणि पुढच्याच आठवड्यात मी त्याच वर्गात महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' शिकवणार होतो!

प्रस्तुत लेख या विसंगतीविषयी आहे. ती माझ्या एकट्याची असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे की ती आपल्या सबंध मराठी वाङ्मयव्यवहाराची विसंगती आहे. गुलामगिरी हा शब्द आपण आधुनिक मराठी विचाराच्या उंबरठ्यावर ठेवला, त्याचा गौरव केला आणि त्याचे रूपक करून टाकले. रूपक झाल्यावर त्यातला माणूस निघून गेला. मग वाडे जतन करताना, वस्तुसंग्रहालये मांडताना आणि ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिताना त्या माणसाची आठवण ठेवण्याची गरजच उरली नाही.

हे माझ्या लक्षात आले ते एका परदेशी स्थळाविषयी वाचताना. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी वॉलेस नावाचे गाव आहे. तिथे १७५२ साली अँब्रोज हायडेल या जर्मन स्थलांतरिताने मळा वसवला. आधी नीळ आणि नंतर ऊस, अशी त्याची पिके. राबणारे हात गुलामांचे. यादवी युद्धानंतर, १८६७ साली, तो मळा दुसऱ्याने घेतला आणि त्याला आपल्या नातवाचे नाव दिले. तेव्हापासून तो व्हिटनी मळा. त्याच नदीकाठी असे आणखी अनेक मळे आज पर्यटकांसाठी खुले आहेत. त्यांतील बहुतेकांनी वर्षानुवर्षे काय दाखवले, तर खांबांच्या ओसऱ्या, झुंबरे, ओकच्या झाडांची कमान आणि मालकिणीचे पलंगपोस. ज्यांनी हे सारे उभे केले त्यांचा उल्लेख झालाच तर 'नोकरमाणसे' असा ओझरता. तिथे लग्नसमारंभही होत आले. थोडक्यात, आपल्या सहलीहून ते काही फार वेगळे नव्हते.

न्यू ऑर्लिन्सचे एक वकील जॉन कमिंग्ज यांनी हा मळा विकत घेतला, स्वतःचे कोट्यवधी रुपयांच्या मोलाचे डॉलर त्यात घातले आणि डिसेंबर २०१४ मध्ये तो लोकांसाठी खुला केला. सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक यांनी संशोधनाची बाजू सांभाळली. या जागेचा विषय त्यांनी एकच ठेवला, तो म्हणजे गुलाम. पाहणाऱ्याने आधी मुक्त झालेल्या गुलामांनी बांधलेल्या चर्चमध्ये जायचे. तिथे वुड्रो नॅश यांनी घडवलेले लहान मुलांचे पुतळे उभे आहेत. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या एका लेखन-प्रकल्पात वृद्ध झालेल्या पूर्वीच्या गुलामांच्या आठवणी नोंदवल्या गेल्या. गुलामी संपली तेव्हा ही माणसे लहान मुले होती, म्हणून पुतळे मुलांचे. पुढे भिंती लागतात आणि त्या भिंतींवर नावे आहेत. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी लुइझियानातील न्यायालयांच्या दप्तरांतून, म्हणजे खरेदीखते, मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या यांतून, हुडकून काढलेली एक लाख सात हजारांवर गुलामांची नावे तिथे कोरली आहेत. एका बाजूला, त्याच परगण्यात बालपणीच मेलेल्या सुमारे दोन हजार दोनशे गुलाम मुलांचे स्मारक आहे. १८११ साली याच नदीकाठी उठाव करणाऱ्या गुलामांचे आणि त्यांच्या कापलेल्या शिरांचेही स्मारक आहे. मालकाचे घर हा या फेरीचा कळस नव्हे. सुरुवातीच्या मांडणीत तर ते अगदी अखेरीस येई, आणि तोवर ते कोणाच्या जिवावर उभे आहे हे पाहणाऱ्याला पुरते कळलेले असे.

हे सांगण्यामागे अमेरिकेचे कौतुक करण्याचा हेतू नाही. त्या देशात असा एक मळा उभा राहायला २०१४ साल उजाडावे लागले, यातच सारे आले. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे वास्तू तीच राहिली, वास्तूचा कर्ता बदलला. 'हे घर कोणाचे?' या प्रश्नाचे उत्तर मालकीच्या दस्तात न शोधता मालमत्तेच्या यादीत शोधले गेले, कारण माणसे त्या यादीत होती.

कोणी म्हणेल, बुलढाण्याचा आणि लुइझियानाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो कापसाच्या धाग्याचा आहे. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत होता, आणि तो पिकवत होते तिथले गुलाम. त्या वर्षी अमेरिकेत जवळजवळ चाळीस लाख माणसे गुलाम होती. १८६१ साली तिथे यादवी सुरू झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. तेव्हा इंग्रजांची नजर वळली ती आपल्याकडे. १८५३ साली निजामाकडून ताब्यात घेतलेला वऱ्हाड म्हणजे काळी कापसाळ जमीन. मलकापूर, नांदुरा, शेगावकडून आगगाडी गेली. खामगावचा कापूसबाजार देशातल्या मोठ्या बाजारांत गणला जाऊ लागला. १८७० साली जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला, तेव्हा त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले होते. एवढ्याशा लोहमार्गासाठी व्हाइसरॉय वऱ्हाडात का आला, याचे उत्तर अमेरिकेतल्या मळ्यांत आहे. तिथल्या गुलामांच्या बेड्या तुटण्याचा आणि इथल्या शेतकऱ्याच्या ज्वारीच्या वावरात कापूस शिरण्याचा काळ एकच आहे. पुढे अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला, भाव पडले, कर्जे मात्र राहिली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली, ती जगाला कापूस पुरवणाऱ्या प्रदेशात मेली.

आता हे पाहा. लॉर्ड मेयो खामगावला आले १८७० मध्ये आणि जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली १८७३ मध्ये. जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केले आहे अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्या लोकांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली. आमच्याकडे ही अर्पणपत्रिका 'फुल्यांच्या वैश्विक दृष्टीचा पुरावा' म्हणून शिकवली जाते. मीही तशीच शिकवली. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते. परंतु त्या अर्पणपत्रिकेचा अर्थ एवढाच नाही. जोतीराव तिथे तुलना करत आहेत, आणि तुलना दोन प्रत्यक्ष गोष्टींची होते. अमेरिकेतला गुलाम त्यांच्या लेखी कल्पनेतला नव्हता, तो नुकताच मुक्त झालेला हाडामांसाचा माणूस होता. आणि इकडचा शूद्रातिशूद्रही त्यांच्या लेखी तितकाच खरा होता. पुस्तकाच्या शीर्षकातला शब्द त्यांनी अलंकार म्हणून योजलेला नाही.

अलंकार केला तो आपण. 'मानसिक गुलामगिरी', 'रूढींची गुलामगिरी', 'इंग्रजीची गुलामगिरी', अलीकडे 'मोबाइलची गुलामगिरी' अशी ती माळ आहे. शब्द जितका सर्वत्र लागू पडतो तितका तो कुणालाच लागत नाही.

याहून बोलका शब्द आहे 'बटीक'. आपल्या अग्रलेखांत तो नित्य भेटतो. अमुक संस्था सत्तेची बटीक झाली, तमुक कला बाजाराची बटीक झाली. विद्यार्थ्यांना विचारले की बटीक म्हणजे काय, तर 'अंकित', 'लाचार' असे उत्तर येते. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई, हे क्वचितच कोणी सांगते. मोल्सवर्थचा कोश उघडा, तिथे हा अर्थ सरळ दिलेला आहे. त्याच कोशात 'कुणबीण' पाहा. कुणबी समाजातली स्त्री हा एक अर्थ आणि गुलाम स्त्री हा दुसरा. ज्या जिल्ह्यात माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली कुणब्यांच्या आहेत, तिथे हा दुसरा अर्थ मी कधी फळ्यावर लिहिला नाही. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव हेच विकत घेतलेल्या बाईचे नाव कसे आणि का झाले, हा मराठी भाषेच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न आहे. तो आपण इतिहासवाल्यांकडे ढकलला आणि इतिहासवाल्यांपैकी बहुतेकांनी तो लढायांच्या वर्णनात हरवला.

या कुणबिणी कोण होत्या? अठराव्या शतकातील मराठी राज्याच्या कागदांत त्या जागोजाग आहेत. त्या विकल्या जात आणि विकत घेतल्या जात. त्या बक्षीस दिल्या जात. व्यभिचाराचा आरोप ठेवून सरकार बायकांना कुणबीण करी आणि किल्ल्यावर, कोठीत, पागेत अथवा कारखान्यात कामास लावी. दळण, कांडण, शेणगोठा, बांधकामावर चुना-माती वाहणे ही त्यांची कामे. त्यांच्या पोटी झालेल्या मुलांना 'लेकावळे' हा शब्द होता. म्हातारपणी काम होईनासे झाल्यावर 'सोडून दिल्या'च्या नोंदी आहेत, आणि मोबदला भरून अथवा बदली बाई देऊन कुणाला सोडवून नेल्याच्याही आहेत. खाजगी सावकाराच्या घरी त्या होत्या, सरदाराच्या घरी होत्या आणि खुद्द पेशव्यांच्या घरीही होत्या. इंग्रजी अमलात १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदीविक्री हा गुन्हा ठरवला. म्हणजे जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा मराठी मुलखात स्वतः विकल्या गेलेल्या बायका हयात असण्याइतका हा भूतकाळ जवळचा होता.

पेशवाईतले हे कागद उचलून सिंदखेडच्या वाड्याला लावता येणार नाहीत, याची मला जाणीव आहे. मध्ये शंभर-सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. परंतु सिंदखेडला गुलामी हा परका विषय होता, असेही कोणी समजू नये. लखुजी जाधवराव ज्याच्याशी कधी एका दरबारात वावरले आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मोगलांच्या बाजूने ज्याच्याविरुद्ध उभे राहिले, तो मलिक अंबर हा मूळचा अबिसीनियातला, लहानपणी विकला गेलेला आणि अनेक हातांतून जात दख्खनेत आलेला गुलाम होता. निजामशाहीचा कारभार त्याने हाती घेतला म्हणून त्याचे नाव राहिले. त्याच जहाजांतून आलेल्या आणि कारभार हाती न आलेल्या बाकीच्यांचे काय झाले, असे आपण विचारत नाही. गुलाम मोठा झाला तरच तो इतिहासात येतो, हा आपला दंडक आहे.

आता आक्षेपांकडे वळू. ते मी वेळोवेळी स्टाफरूममध्ये ऐकले आहेत, त्यामुळे कल्पून मांडण्याची गरज नाही.

पहिला आक्षेप: आपल्याकडची दास्यपद्धती आणि अमेरिकेतली मळ्यांची गुलामी यांची तुलनाच होऊ शकत नाही. तिथे वंश होता, जागतिक बाजारासाठी प्रचंड उत्पादन होते आणि गुलामी पिढीजात होती. इथे घरगुती दास्य होते आणि दासी घरच्यासारख्या राहत. यातला पहिला भाग खरा आहे आणि तो जरूर सांगावा. फरक दाखवण्यासाठीच तुलना करायची असते. पण 'घरच्यासारख्या' हा शब्द कोण उच्चारतो ते पाहावे. तो नेहमी घरमालक उच्चारतो. लुइझियानाचे मळेवालेही नेमके हेच म्हणत. जिला विकता येते ती घरची नसते. जातीच्या बाबतीत तर बाबासाहेब आंबेडकरांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना स्वतः करून अस्पृश्यता अधिक घातक ठरवली आहे, आणि त्यामागची कारणे दिली आहेत. त्या तुलनेत दोन्ही बाजू नेमक्या मांडलेल्या आहेत. आपण जात, वेठ आणि खरेदीचे दास्य या तिन्हींना 'गुलामगिरी' या एकाच सैल पिशवीत भरतो आणि मग तिन्हींपैकी एकाचाही तपशील देत नाही.

दुसरा आक्षेप: कागद कुठे आहेत? अमेरिकेत न्यायालयांची दप्तरे होती, आपल्याकडे नावे मिळणार कशी? ही सबब मराठीच्या प्राध्यापकाने तरी सांगू नये. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत. गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडलेले पंचेचाळीस खंड १९३० च्या दशकातच छापले गेले. त्याआधी गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिश्यांतून वेचे काढले. कुणबिणींच्या नोंदी या छापील खंडांतही आहेत, मोडी न येणाऱ्यालाही त्या वाचता येतात. देशी-परदेशी अभ्यासकांनी त्यांवर लिहिले आहे, मात्र बहुतेक इंग्रजीत. कागद नव्हते असे नाही, आपण त्यांत सरदारांची पत्रे शोधत होतो. मिडलो हॉल यांनी जे केले ते एवढेच की, ज्या दस्तात सगळे मालकाचे नाव वाचत होते त्यात त्यांनी मालमत्तेचे नाव वाचले.

तिसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे. जिजाऊंचे जन्मस्थान हे आमचे श्रद्धास्थान आहे, तिथे हे विषय कशाला? मी स्वतः दर १२ जानेवारीला सिंदखेडला लोटणारी गर्दी पाहिली आहे. वऱ्हाडातला आणि मराठवाड्यातला शेतकरी, त्याची बायको, लेकरे, डोईवर ऊन घेऊन तिथे येतात. त्यांच्या श्रद्धेवर बोट ठेवण्याचा माझा हेतू नाही. उलट मी असे विचारतो की, या गर्दीचे पूर्वज त्या काळी वाड्याच्या कोणत्या बाजूला असतील? सदरेवर की पागेत? बहुसंख्यांचे उत्तर उघड आहे. मग त्या लोकांना त्यांच्याच पूर्वजांची जागा दाखवणे हा अवमान कसा? २०२४ साली सिंदखेडला समाधी परिसरातील कामाच्या वेळी पुरातत्त्व खात्याला शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती सापडली आणि सर्वत्र बातमी झाली. आनंदच आहे. पण त्याच मातीत एखादे फुटके जाते निघाले असते तर बातमी झाली नसती, आणि ते जाते कोणी फिरवले हे विचारायला कोणी आले नसते. मूर्ती पाहावी आणि जातेही पाहावे, एवढेच माझे मागणे आहे.

चौथा आक्षेप मला खरोखर अडवतो, म्हणून तो टाळत नाही. दुःखाचे पर्यटन होते. एका श्रीमंत गोऱ्या वकिलाने काळ्यांच्या वेदनेचे प्रदर्शन मांडावे, लोकांनी तिकीट काढून हळहळावे आणि दुपारी जेवायला जावे, यात काय साधले? व्हिटनीवरही हा आरोप झाला आहे. तिथल्या काही वास्तू मूळच्या त्या जागेवरच्या नाहीत, गुलामांच्या काही खोपट्या आणि ते चर्च दुसरीकडून आणून बसवले आहे, हेही खरे. २०१९ मध्ये कमिंग्ज यांनी मळा एका ना-नफा संस्थेकडे सोपवला, तरी मूळ प्रश्न संपत नाही. माझे उत्तर एवढेच आहे की, हळहळ आणि नाव यांत फरक आहे. हळहळ पाहणाऱ्याची असते, ती संध्याकाळी विरते. भिंतीवर कोरलेले नाव पाहणाऱ्याच्या भावनेवर अवलंबून नसते. आपल्याकडे संग्रहालय होवो न होवो, नावे काढण्याचे काम करता येते आणि त्यात प्रदर्शनाचा दोष लागत नाही.

आता थोडे आपल्या वाङ्मयाविषयी, कारण शेवटी आपण साहित्याची माणसे आहोत. मराठी ऐतिहासिक कादंबरी आठवावी. दासी तबक घेऊन येते, पडदा बाजूला सारते, 'सरकार येताहेत' असे सांगते आणि पानावरून नाहीशी होते. शेकडो पानांच्या कादंबरीत तिला आई नसते, गाव नसते, किंमत नसते. विकली गेलेली बाई 'विश्वासू दासी' होते आणि वाचक डोळे पुसतो ते राणीसाठी. वाड्याविषयीच्या आपल्या चांगल्या साहित्यातही हेच घडले आहे, फक्त अधिक सूक्ष्मपणे. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) हे विदर्भातल्या देशपांड्यांच्या कोसळत्या वाड्याचे नाटक मी दरवर्षी शिकवतो. त्यात वाड्याचे उदात्तीकरण नाही, हे त्याचे मोठेपण आहे. पण त्यातली पात्रे घरातलीच आहेत, आणि राबण्याचा भार पडतो तो घरातल्याच चंदूवर. वाडा उभा असताना तो ज्यांच्या जिवावर उभा होता ती माणसे नाटक सुरू होण्याआधीच निघून गेलेली आहेत. एलकुंचवारांनी मालकाच्या वंशाचा अंत लिहिला, तो त्यांचा विषय होता आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे लिहिला. तक्रार आपल्या समीक्षेविषयी आहे. निघून गेलेल्यांची दिशा तिने विचारली नाही.

ती माणसे कुठे गेली? ती 'बलुतं'मध्ये गेली, 'तराळ-अंतराळ'मध्ये गेली. वाड्यावर वेठीला जाणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, मेलेले ढोर ओढणाऱ्या माणसांनी वाडा बाहेरून कसा दिसतो ते लिहून ठेवले. व्हिटनीने वृद्ध गुलामांच्या आठवणी ज्या ठिकाणी ठेवल्या, त्या ठिकाणी ठेवता येईल असे साहित्य आपल्याकडे केव्हाच लिहिले गेले आहे. पण आपण काय केले, तर 'ग्रामीण', 'ऐतिहासिक', 'दलित' असे स्वतंत्र पेपर केले. वाडा एका सत्रात शिकवायचा आणि वाड्याच्या मागचे दार दुसऱ्या सत्रात, बहुधा दुसऱ्या प्राध्यापकाकडून. अभ्यासक्रमाची ही विभागणी वाड्याच्या रचनेबरहुकूमच आहे! विद्यार्थ्याने दोन्ही पेपरांत पहिला वर्ग मिळवला तरी ही दोन दारे एकाच इमारतीची आहेत हे त्याला कळत नाही.

तेव्हा मागणी करायची ती सरकारकडे नंतर, आधी स्वतःकडे. मराठी विभागांनी मोडीचे वर्ग हौशीपुरते न ठेवता ते कुणबिणींच्या नोंदी वाचण्याच्या कामाला जोडावेत. छापील खंडांपासून सुरुवात करावी. प्रत्येक नोंदीतून नाव, वय दिले असल्यास वय, कोणी कोणास दिली, किती रुपयांस, कोठे कामास, एवढे उतरवून घ्यावे. एका महाविद्यालयाने एक खंड घेतला तरी काही वर्षांत मराठीत प्रथमच एक यादी उभी राहील. भाषेच्या विद्यार्थ्यांनी 'बटीक', 'कुणबीण', 'लेकावळा', 'वेठ' या शब्दांचा प्रवास लिहावा. आणि आमच्या जिल्ह्यापुरते सांगायचे तर, खामगावच्या कापसाची कथा लुइझियानापासून सुरू होते हे सांगणारा एक फलक तरी तिथे कुठे लागावा. त्यासाठी संग्रहालयाची इमारत लागत नाही.

ती यादी तयार झाली की मग शनिवारवाड्याच्या दाराशी ती लावण्याची मागणी करता येईल. १७३२ साली बांधून पूर्ण झालेला आणि १८२८ साली जळालेला तो वाडा आज जोत्याच्या रूपानेच उरला आहे. महाल गेले, दिवाणखाने गेले, मालक गेले. तरीही आपण तिथे उभे राहून न उरलेले महाल डोळ्यांसमोर आणतो. न उरलेली माणसे डोळ्यांसमोर आणणे त्याहून अवघड नाही.

माझ्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. ती आता स्वतः एका शाळेत शिकवते आणि सहली घेऊन सिंदखेडला जात असेल. तिच्या वर्गातली एखादी मुलगी तोच प्रश्न विचारेल. 'असतील बाहेर कुठेतरी' हे माझे उत्तर तिने पुढे देऊ नये अशी माझी इच्छा आहे. परंतु तिला देण्यासाठी दुसरे उत्तर मी तयार करून ठेवलेले नाही, आणि हा दोष वाड्याचा नाही, माझा आणि माझ्या विषयाचा आहे.